उठून जाता येईल असं दुकान

थोरला आला तो चप्पल काढायच्या आधीच बोलायला लागला, तेव्हा आईने ओळखलं की हा वाटेत सगळं पाठ करून आलाय.

"औषधवाला आपल्या दुकानासाठी आज संध्याकाळपर्यंत थांबेल म्हणतोय. मग तो चौकातला गाळा घेणार. आई, ऐकतेयस ना?"

"ऐकतेय. आधी पाणी पी."

"पाणी नंतर. नाना कुठायत?"

नाना चार हातांवरच होते. बैठकीच्या खोलीत आरामखुर्चीत वर्तमानपत्र उघडून बसले होते आणि बराच वेळ त्यांनी पान उलटलेलं नव्हतं. धाकट्याने कंपनीचा राजीनामा दिल्यापासून त्यांचं हे असंच चाललं होतं. धाकट्याशी ते बोलत नव्हते असं नाही, पण जे काही बोलायचं ते बायकोमार्फत. धाकटा समोर बसलेला असला तरी "त्याला सांग, पंखा बारीक कर" असं. आणि आईही काही कमी नव्हती. "सांगते हं," म्हणायची आणि स्वतः उठून पंखा बारीक करायची.

घर मागे आणि दुकान पुढे, मधे स्वयंपाकघराचं एक दार, अशी त्या वास्तूची रचना. नानांच्या वडिलांनी काढलेलं किराणा आणि किरकोळ सामानाचं ते दुकान नानांचे गुडघे गेले तेव्हा बंद झालं, आणि नंतर त्याचं शटर कुणी वर केलं नव्हतं. आता ते वर झालं होतं ते धाकट्याच्या मशीनसाठी. कपाटाएवढं उंच, पुढे काच, आत फळ्यांवर स्प्रिंगांच्या ओळी, आणि उजव्या हाताला आकड्यांची बटणं. आकडा दाबायचा, पैसे द्यायचे, स्प्रिंग फिरते, वस्तू पुढे सरकून खालच्या कप्प्यात पडते. पहिलं मशीन धाकट्याच्या बायकोच्या, म्हणजे धाकटीच्या इस्पितळात, नातेवाईक थांबतात त्या मोठ्या खोलीत ठेवायचं ठरत होतं. पण माल साठवायला, पुसायला, भरायला जागा हवी, आणि जागा म्हणजे हे दुकान. दुकान औषधवाल्याला गेलं की धाकट्याचा धंदा जन्मायच्या आत संपला, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच कुणी ते मोठ्याने म्हणत नव्हतं.

"आज मेट्रनबाई मशीन बघायला येणार आहेत," आई हळूच म्हणाली. "त्यांचं होऊ दे. मग बोल."

"आणि त्या नाही म्हणाल्या तर?"

"तर तू आहेसच की."

हे जरा लागलं थोरल्याला. तो मुकाट्याने पाणी प्यायला.

*

थोरला मनाने वाईट नव्हता. त्याला आपल्या भावाचा अभिमान होता, आणि तीच खरी अडचण होती. धाकट्याच्या कंपनीचं नाव त्याच्या बँकेतल्या प्रत्येक माणसाला पाठ झालं होतं, कारण कुठल्याही बोलण्यात तो ते तिसऱ्या वाक्याला आणायचा. आता लोक विचारणार, भाऊ काय करतो? मशीनमध्ये साबण भरतो?

तो दुकानात गेला तेव्हा धाकटा गुडघ्यांवर बसून काच पुसत होता. अंगात जुना बनियन, गालाला धूळ.

"शोभत नाही तुला हे," थोरला म्हणाला.

"मग ये, तू पूस."

"मी मस्करी करत नाहीये. चांगला वातानुकूलित ऑफिसात बसत होतास. हाताखाली माणसं होती."

"दादा, मी तिथे काय करायचो माहितीये? माल कुठून कुठे जावा याचे तक्ते करायचो. पण त्या मालाला कधी हात लावला नाही. एकदा साहेबांनी विचारलं, हे खोकं केवढं असतं रे? सगळी मीटिंग एकमेकांकडे बघत बसली."

थोरल्याला हसू आलं, पण त्याने ते दाबलं.

"मला एक सांग. दुकानच करायचं होतं तर मला का नाही विचारलंस? मला आवडायचं दुकान. मला नानांनी पहिल्यांदा उठवलं इथून. बँकेची परीक्षा दे म्हणाले, दिली. तुला शिकवायला म्हणून दिली."

हे वाक्य त्याने पाठ केलेल्यांपैकी नव्हतं. ते निसटल्यावर त्यालाच कसंतरी झालं. धाकट्याने फडकं खाली ठेवलं.

"हे तू आधी कधी बोलला नाहीस."

"आता बोललो. आंघोळ कर जा, बाई येतील."

धाकटा उठून गेला. थोरला जरा वेळ मशीनपुढे उभा राहिला. प्रत्येक स्प्रिंगच्या वेटोळ्यात एक एक वस्तू नीट बसवलेली होती. पाण्याची बाटली, बिस्किटं, साबण, कंगवा, दात घासायचा ब्रश, लहान टॉवेल, फोनची वायर. इस्पितळात धावतपळत आलेल्या माणसाला जे आठवत नाही ते सगळं. किल्ली दारालाच लटकत होती. कल्पना वाईट नाही, असं त्याला वाटून गेलं. मग औषधवाल्याची आठवण झाली आणि तो आत जेवायला गेला.

जेवण झाल्यावर घर आडवं झालं. आत्या, म्हणजे नानांची मोठी बहीण, तेवढी जागी होती असं ती म्हणते, पण तिचं घोरणं शेजारपर्यंत ऐकू जात होतं.

*

मेट्रनबाई ठरल्याप्रमाणे चार वाजता आल्या. बुटक्या, जाड काचांचा चष्मा, आणि बोलताना समोरच्याला रांगेत उभं केल्यासारखा आवाज. धाकटी त्यांच्या इस्पितळात रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायची. तिच्या शब्दावरच बाई आल्या होत्या.

"चहा मग," बाईंनी दारातच सांगून टाकलं. "मला आधी मशीन दाखवा. आमच्याकडे आधी एक होतं. बिघडलं की लोक त्याला लाथा घालायचे आणि मग माझ्याकडे भांडायला यायचे. मला बिस्किटं नकोत, मला कटकट नको. कळलं?"

"कळलं, बाई," धाकटा म्हणाला. तो अंगात धुतलेला सदरा घालून, केस विंचरून परीक्षेला बसल्यासारखा उभा होता. मागे सगळं घर दाटीने उभं. आई, आत्या, थोरला. नाना तेवढे उंबऱ्यावर, आत ना बाहेर.

"दाबा ना तुम्हीच," धाकटी म्हणाली.

बाईंनी पाण्याच्या बाटलीचा आकडा दाबला, पैसे धाकट्याने भरले. स्प्रिंग घुर्र करून फिरली. बाटली पुढे सरकली, वाकली आणि तिरपी होऊन तिथेच राहिली.

"हं," बाई म्हणाल्या.

"होतं असं कधीकधी," धाकटा म्हणाला. "दुसरं काही दाबा."

बिस्किटं दाबली. तीही अडकली. साबण दाबला. साबण हललासुद्धा नाही, स्प्रिंग मात्र चिमटीत सापडल्यासारखी कण्हत राहिली. उद्या सकाळी प्रयोगशाळेत कुठल्या तोंडाने जायचं, हा एकच विचार धाकटीच्या डोक्यात आला, आणि तो आल्याची तिला लाजही वाटली. थोरल्याने मान वळवून रस्त्याकडे पाहिलं. त्याच्याइतका ओशाळलेला माणूस त्या खोलीत दुसरा नव्हता. आपल्याला हवं तेच झालं आणि तरी बरं का वाटत नाही, हे त्याला कळत नव्हतं.

मेट्रनबाईंनी पदर खोचला आणि मशीनच्या कुशीत एक सणसणीत चापट मारली. धडाधड बाटली, बिस्किटांचे दोन पुडे आणि साबणाच्या दोन वड्या खाली पडल्या.

"हे मशीन मला ओळखीचं वाटतंय," त्या म्हणाल्या.

धाकट्याने किल्ली फिरवून दार उघडलं आणि पाहतच राहिला. ज्या वेटोळ्यात एक वस्तू बसवायची, तिथे दोन दोन कोंबलेल्या. स्प्रिंगांच्या मधल्या फटीत कंगवे. वरच्या मोकळ्या जागेत टॉवेल. बोट घालायला जागा नाही असं काठोकाठ भरलेलं.

"हे कुणी केलं?" थोरल्याचा आवाज चढला. "आत्या, तू?"

"मी कशाला करू बाई?" आत्या म्हणाली. मग तिची नजर उंबऱ्याकडे गेली. भावाचा चेहरा तिने साठ वर्षं वाचला होता. "हो, म्हणजे, मीच केलं. मला वाटलं, जरा भरलेलं दिसावं."

"आत्या, तुला सकाळपासून चष्मा सापडत नाहीये," धाकटा हळू म्हणाला. त्याने एक साबण बाहेर काढला, मग दुसरा, मग बिस्किटांचा पुडा. "सगळ्यांची नावं काचेकडे. जुन्या तारखेचा माल पुढे, नवा मागे. टॉवेलाच्या घड्या बघ."

अशा घड्या घालणारा माणूस त्या घरात एकच होता.

"मी भरलं," नाना म्हणाले.

"नाना!" थोरला गरकन वळला. "मुद्दाम?"

"मुद्दामच," धाकटा म्हणाला. "पण मोडायला नाही, दादा. मोडायचं असतं तर एवढ्या निगुतीने कोण करेल?"

नानांनी उंबऱ्यावरून एक पाऊल आत टाकलं. सगळ्यांदेखत ते त्या दुकानात किती दिवसांनी येत होते हे आईला ठाऊक होतं. तिने तोंडाला पदर लावला.

"सकाळी बघितलं," नाना कुणाकडेच न बघता म्हणाले. "एक साबण, मग मोकळी जागा, मग एक साबण. दुकान बसल्यासारखं दिसत होतं. पोरगा पहिल्यांदा दुकान मांडतोय आणि गिऱ्हाइकाने रिकामी फळी बघायची? मला बघवेना."

"पण दोन दोन का, आजोबा?" बाईंनी विचारलं.

"वर थोडं दिल्याशिवाय आम्ही गिऱ्हाईक पाठवत नाही, बाई. माझे वडील द्यायचे, मी दिलं. मला वाटलं, एक दाबलं की दोन पडतील. माणूस खूश होऊन जाईल."

मेट्रनबाईंनी चष्मा काढून पुसला. पुसायची तशी गरज नव्हती.

"ते सगळं ठीक," त्या म्हणाल्या, पण आवाज मघासारखा नव्हता. "अडकलं तर कोण येणार, ते सांगा मला."

"मी," नाना ताबडतोब म्हणाले. "मला शेजारी एक खुर्ची द्या. मी बसेन दिवसभर. अडकलं तर काढून देईन."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढे दिवस तोंड फिरवून बसलेला माणूस! थोरलाही चकित झाला. सगळं जमलं असं धाकटीलाही वाटलं, तेवढ्यात तिचा नवरा म्हणाला,

"नाही."

"काय नाही?"

"तुम्ही बसायचं नाही, नाना."

"का? लाज वाटते?" नाना त्याच्याकडे बघून बोलले. राजीनाम्यानंतर पहिल्यांदाच, मधे कुणाला न घेता. "तुला इथून उठवायला मी काय काय केलं ते तुझ्या आईला विचार. तुझ्या हाताला पिठाचा वास येऊ नये म्हणून तुला गल्ल्यावर बसू दिलं नाही. थोरल्याला उठवलं, तुला उठवलं. आणि तू सगळं सोडून फिरून याच फळीवर आलास. मग मीच बसतो ना! तू जा परत."

"मला बसायचंच नाहीये!" धाकट्याचा आवाज फुटला. "तुम्ही का उठवलंत मला? सुट्टी मिळावी म्हणून ना? घरच्यांसोबत चार घास जेवता यावेत म्हणून. नाना, मला तिथूनही उठता येत नव्हतं. आत्या मोरीत पडली तेव्हा माझा फोन मीटिंगमध्ये उलटा ठेवलेला होता. तिला उचललं शेजाऱ्यांनी. मी संध्याकाळी आलो."

"ते काही मनावर घेऊ नकोस रे," आत्या म्हणाली. "शेजाऱ्यांनी बरं उचललं."

"मी घेतलंय मनावर. मला असं दुकान हवंय, ज्यातून उठून जाता येईल. सकाळी जायचं, भरायचं, पुसायचं, आणि दार लावून घरी. माझ्याच नाही, कुणाच्याच बसण्यावर ते चालायला नको."

"असं दुकान नसतं," नाना म्हणाले.

"अहो," आई म्हणाली. तिचा आवाज एवढा शांत होता की सगळेच तिच्याकडे वळले. "हा झाला त्या दिवशी तुम्ही दुकान आवरून आलात. मी दुपारपासून दाराकडे बघत होते. तुम्ही आलात तेव्हा हा रडून रडून झोपला होता. मी तुम्हाला कधी बोलले नाही."

"गिऱ्हाईक होतं," नाना म्हणाले.

"हो. रोजच होतं."

नानांनी खालच्या कप्प्यातली साबणाची वडी काढली आणि बाहीने पुसली.

मेट्रनबाई एवढा वेळ एका खोक्यावर बसून चहा पीत होत्या. आईने कप कधी हातात दिला ते त्यांनाही कळलं नव्हतं. परक्याच्या घरचं भांडण ऐकायला त्यांची काही हरकत दिसत नव्हती.

"मला एक सांग," त्या धाकट्याला म्हणाल्या. "तुझा खिसा मघापासून का वाजतोय?"

धाकट्याने फोन काढला. मग तो बघून त्याला पहिल्यांदाच हसू आलं.

"मशीन तक्रार करतंय. वस्तू पडली नाही की खालचा डोळा ओळखतो. मला कळवतं, आणि ज्याचे पैसे त्याला परत. हे बघा, बाटली अडकली. बिस्किटं अडकली. साबण अडकला, पण चापटीनंतर दोन पडले, त्यामुळे ते गोंधळलंय."

"दाखव." बाईंनी फोन हातात घेऊन डोळ्यांजवळ धरला. "म्हणजे माझ्याकडे कुणी भांडायला यायच्या आत तुला कळणार?"

"तुम्हाला कळायच्या आत. प्रयोगशाळेत हिलाही कळणार, मी लांब असलो तर."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"अडकलंच नसतं तर कसं दाखवलं असतं?"

बाई उठल्या, साडी झटकली. "मंगळवारी आण. सकाळी लवकर, गर्दी व्हायच्या आत. आणि आजोबांना भरू देऊ नका. किंवा भरू द्या, पण एक एक." दाराशी जाऊन त्या थांबल्या. "टॉवेल मात्र त्यांच्याच घडीचे ठेवा."

*

बाई गेल्या. मग थोरल्याचा फोन वाजला. औषधवाला.

थोरल्याने फोनकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं आणि शेवटी नानांकडे. नाना मशीनपुढे वाकून एका वेटोळ्यातली जादा बाटली काढत होते.

"त्याला सांग," नाना मान वर न करता म्हणाले, "दुकान रिकामं नाही."

थोरला ते सांगायला ओट्यावर गेला. त्याने ते इतक्या मोठ्याने सांगितलं की समोरच्या लोकांनाही कळावं. आणि मग औषधवाल्याने न विचारताच, आपला भाऊ आता स्वतःचा धंदा करतोय, इस्पितळात पहिली जागा मिळाली, हेही सांगितलं. परत आला तेव्हा त्याने बाह्या वर केल्या होत्या.

"रविवारी मी येत जाईन भरायला," तो म्हणाला. "फुकट नाही. आई जेवायला घालेल."

"मला शिकवायला परीक्षा दिलीस," धाकटा म्हणाला. "आता मी तुला शिकवतो. एका वेटोळ्यात एकच."

"शहाणाच आहेस."

सगळ्यांनी मिळून माल पुन्हा लावला. नाना खोक्यावर बसून वस्तू हातात देत होते, तारीख बघून. सगळं झाल्यावर मधल्या मोकळ्या जागा पुन्हा दिसायला लागल्या. नानांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. त्यांना अजून ते बघवत नव्हतं, पण त्यांनी हात लावला नाही.

"अजून उजेड आहे," आई म्हणाली. "नदीवर जाऊ या का सगळे?"

"आत्ता?" नाना म्हणाले. "ही दुकानाची वेळ आहे."

"म्हणूनच."

धाकट्याने मशीनचा दिवा लावला. शटर वर होतं, ते वरच ठेवलं. स्वयंपाकघराच्या दाराला तेवढं कुलूप लावलं. नाना म्हणाले, "असंच उघडं?" धाकटा म्हणाला, "असंच उघडं. मशीनला कुलूप आहे, आणि बाकी चोरायला आहे काय, तुमचं रिकामं खोकं?" आत्याला चष्मा सापडला नाही, म्हणून तिने धाकटीचा हात धरला.

कोपऱ्यापर्यंत गेले आणि नाना थांबले. दुकानापाशी एक बाई आली होती, काखेत पिशवी, कुणी आहे का म्हणून आत डोकावत होती.

"गिऱ्हाईक आलं," नाना म्हणाले आणि वळले. त्यांचे गुडघे दुखतात हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

आईने त्यांची बाही धरली. "थांबा. बघू या."

"तिला काही विचारायचं असेल. तिला कळायचं नाही कसं ते. कुणीतरी पाहिजे तिथे."

"थांबा म्हणते ना."

त्या बाईने काचेतून बघितलं, जरा वेळ वाचलं, बोट उगारून मागे घेतलं. नानांनी बाही सोडवायला बघितली. मग तिने आकडा दाबला, पैसे दिले. खाली वाकली, पाण्याची बाटली काढली आणि झाकण उघडून तिथेच उभं राहून प्यायली. तहान लागलेल्या माणसासारखी, सावकाश. मग बाटली पिशवीत टाकून ती आपल्या वाटेने निघून गेली.

नाना तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिले. दुकान मागे तसंच उजळलेलं होतं आणि त्यात कुणी नव्हतं. त्यांनी एकदा आईकडे पाहिलं, जणू तिने परवानगी द्यायला हवी होती.

"चला," ते म्हणाले.

आणि ते इतक्या भराभर चालायला लागले की मागून आत्याला ओरडावं लागलं, "अरे, हळू चाल, आम्हालाही यायचंय!"